टेस्ट आठवड्यातून दोनदा, तरी केसेस वाढल्या कशा? इलिनॉयच्या कॅम्पसचं २०२० मधलं प्रकरण

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांपुढे एकच प्रश्न होता, पोरांना परत बोलवायचं की नाही. कोविडची साथ चालू होती आणि लस अजून आलेली नव्हती, ती तिथे डिसेंबरात मिळायला लागली. हॉस्टेल म्हणजे एका खोलीत दोघं, मजल्यावर सामायिक बाथरूम, खाली एकच डायनिंग हॉल, आणि पोरं अठरा ते बावीस वयाची, पाच महिने घरात कोंडलेली, मित्रांना भेटायला आसुसलेली. अशा ठिकाणी हा आजार आवरायचा कसा, जो लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागतो आणि या वयात तर बऱ्याच जणांना लक्षणं दिसतच नाहीत, याचं तयार उत्तर कोणाकडेच नव्हतं.

ज्यांनी नियमित टेस्टिंगशिवाय दारं उघडली त्यांना आठवड्याभरात कळलं. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १० ऑगस्टला वर्ग सुरू झाले आणि १७ ऑगस्टला पदवीचे वर्ग ऑनलाइन नेण्याची घोषणा झाली. त्या एका आठवड्यात तिथल्या आरोग्य केंद्रातला पॉझिटिव्हिटी रेट, म्हणजे केलेल्या टेस्टपैकी पॉझिटिव्ह निघालेल्यांचं प्रमाण, २.८ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला होता. नोटर डेम विद्यापीठाने तर पोरं यायच्या आधी सगळ्यांची टेस्ट करून घेतली होती, तरी त्यांना १८ ऑगस्टला दोन आठवड्यांसाठी प्रत्यक्ष वर्ग थांबवावे लागले. दारात एकदा टेस्ट घेतली की त्या दिवसाचं कळतं, पुढच्या आठवड्याचं काहीच कळत नाही, ही साधी गोष्ट तिथे खूप महागात पडली.

मी इथे सविस्तर लिहितेय ते तिसऱ्या एका ठिकाणाबद्दल, युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय, अर्बाना-शॅम्पेनचा कॅम्पस. कारण त्यांची तयारी त्या वेळी देशातल्या सगळ्यात चांगल्या तयाऱ्यांपैकी होती, तरी पहिल्या दोन आठवड्यांत ती डगमगली, आणि मग त्यांनी ती सावरली. पूर्ण फसलेल्या प्रकरणापेक्षा असं मधेच फसून सावरलेलं प्रकरण मला जास्त शिकवतं, कारण नेमकं काय बदललं ते दिसतं.

तर तयारी काय होती. उन्हाळ्यात नाकातल्या स्वॅबची टेस्ट म्हणजे सगळीकडे अडचण होती, स्वॅब कमी, ते घ्यायला शिकलेला माणूस लागणार, त्याला पीपीई लागणार, आणि लॅबमध्ये नमुन्यातून आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय धागा, वेगळा काढायची किट मिळेनात. रसायनशास्त्राचे प्राध्यापक पॉल हर्गनरोदर आणि मार्टिन बर्क यांच्या टीमने हे सगळे टप्पे एकेक करून काढून टाकता येतील का ते बघितलं. नमुना लाळेचा. विद्यार्थ्याने यायचं, ओळखपत्र दाखवायचं, नळी घ्यायची, जरा बाजूला जाऊन मास्क खाली करायचा आणि तोंडात साठलेली लाळ नळीत ओघळू द्यायची, थुंकायचं नाही, कारण थुंकलं की फेस होतो आणि लॅबमध्ये मोजून घेताना घोळ होतो. त्याआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, च्युइंग गम नाही, दात घासायचे नाहीत. झाकण लावायचं, नळी ठेवायची, निघायचं. नर्स नको, नाकात काडी नको, रांग भरभर सरकते.

पण खरी युक्ती त्याच्या पुढची आहे. लॅबमध्ये ती नळी न उघडताच ९५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवायची. त्याने दोन कामं होतात, विषाणू मरतो म्हणजे नळी उघडणाऱ्या माणसाला धोका राहत नाही, आणि विषाणू फुटून त्याचा आरएनए मोकळा होतो म्हणजे तो वेगळा काढायची किट लागतच नाही, थोडं बफर नावाचं द्रावण मिसळून थेट आरटी-पीसीआरला, म्हणजे तो आरएनए आहे का ते ओळखणाऱ्या टेस्टला, लावता येतं. नमुने तपासायला विद्यापीठाची जनावरांच्या रोगनिदानाची लॅब होती, तिथलाच भाग यासाठी तयार केला. दिवसाला १०,००० च्या वर टेस्ट होऊ लागल्या. एका विद्यापीठात. काही दिवस तर अख्ख्या अमेरिकेतल्या टेस्टपैकी दीड-दोन टक्के या एकाच कॅम्पसवर होत होत्या.

नियम असा होता की कॅम्पसवर येणाऱ्या प्रत्येकाने आठवड्यातून दोनदा टेस्ट द्यायची, विद्यार्थी असो, प्राध्यापक असो की सफाई कर्मचारी. निकाल फोनवरच्या सेफर इलिनॉय नावाच्या ॲपमध्ये यायचा आणि निगेटिव्ह ताजा असेल तरच ॲप इमारतीत जायची परवानगी दाखवायचं, दारात माणूस उभा, तो स्क्रीन बघून आत सोडणार. टेस्ट चुकवली तरी परवानगी बंद. जोडीला मास्क, सहा फुटांचं अंतर, मोठे वर्ग ऑनलाइन. साधारण ३५,००० विद्यार्थी परत आले आणि २४ ऑगस्टला सत्र सुरू झालं.

आता मॉडेलचं सांगते, कारण सगळा पेच तिथेच आहे. नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लोव्ह या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी कॅम्पसवर साथ कशी पसरेल याचं गणित मांडलं होतं. त्यांनी पोरांना संत वगैरे धरलं नव्हतं हे मुद्दाम सांगायला हवं. पोरं पार्ट्या करतील, मास्क काढतील, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं आणि तरीही आठवड्यातून दोनदा टेस्ट केली तर थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, एकूण केसेस सातशेच्या आसपास राहतील असा अंदाज होता.

तो सातशेचा आकडा सत्र सुरू होऊन दोन आठवडे व्हायच्या आत ओलांडला. एकेका दिवसाला दोनशेच्या वर केसेस निघाल्या.

बातम्यांमध्ये त्याचं चित्र सरळ होतं, प्लॅन उत्तम होता पण पोरांनी पार्ट्या केल्या. मला हे अर्धवट वाटतं, आणि याच्यावर थांबलं तर हातात काहीच येत नाही, कारण पार्ट्या तर गणितात धरल्याच होत्या. काही पोरं घरूनच लागण घेऊन आली होती, तो भाग आहेच. पण गणितात जे अजिबात नव्हतं ते वेगळंच होतं, पॉझिटिव्ह आलेला माणूस, ज्याला आपण पॉझिटिव्ह आहोत हे माहीत आहे, तो खोलीत बसणार नाही. काही जण निकाल कळल्यावरही पार्टीला गेले, काहींनी स्वतःच्या घरी पार्टी ठेवली. काहींनी आरोग्य विभागाचे फोन उचलायचे बंद केले, तर काहींनी ॲपलाच चकवायचा प्रयत्न केला.

हे किती महाग पडतं ते एका कल्पनेतल्या पोरावरून बघू. समजा त्याला शनिवारी रात्री लागण झाली. सोमवारी सकाळी टेस्ट दिली, विषाणू अजून फार वाढलेला नाही, निगेटिव्ह आली आणि ॲपने परवानगी दिली. मंगळवार-बुधवारपासून तो दुसऱ्यांना लागण देऊ शकतो, त्याला स्वतःला ठणठणीत वाटतंय. गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा टेस्ट, यावेळी पॉझिटिव्ह, निकाल रात्री आठला फोनवर. इथपर्यंत यंत्रणेने जबरदस्त काम केलंय, नाहीतर हा पोरगा कधीच सापडला नसता. आता पुढचं बघा. फोनवर मेसेज आहे पण माणूस कोणीच नाही. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य विभागाचा फोन शुक्रवारी दुपारी येतो, कारण त्यांच्याकडे एकदम शेकडो नावं येऊन पडलीत. तो अनोळखी नंबर म्हणून उचलत नाही. शनिवारी परत येतो. मधे शुक्रवारची रात्र गेली, जी अशा कॅम्पसवर सगळ्यात गर्दीची असते. आठवड्यातून दोनदा टेस्ट करून जे दोन-तीन दिवस कमावले होते, ते निकाल आणि खोलीचं दार बंद होणं यांच्यामधल्या फटीतून निघून गेले. आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या चौघांना अजून काही कळलेलंच नाही.

पोरं असं का वागली हे विचारायला हवं, आणि बेजबाबदार म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. बेजबाबदार होतीच काही, पण सगळी नाही. एक तर काही होत नव्हतं, ना ताप ना खोकला, आणि ठणठणीत वाटत असताना दहा दिवस एका खोलीत बसायचं. दुसरं, मला सगळ्यात मोठं वाटणारं कारण त्या वेळच्या नियमातच होतं. तेव्हा पॉझिटिव्ह आलेल्याला दहा दिवस आयसोलेशन आणि त्याच्या जवळच्या संपर्कातल्यांना चौदा दिवस क्वारंटाइन. म्हणजे मी फोनवर मित्राचं नाव सांगितलं तर मी दहा दिवसांत सुटणार आणि तो, ज्याला कदाचित काही झालेलंही नाही, चौदा दिवस अडकणार. विसाव्या वर्षी नवीन कॉलेजात नुकतीच झालेली मैत्री, आणि पहिल्याच आठवड्यात त्या मित्राचं नाव आरोग्य विभागाला द्यायचं. वैद्यकीय दृष्ट्या चौदा दिवसांना आधार होता, कारण लागण झाल्यापासून आजार दिसायला तेवढे दिवस जाऊ शकतात, पण फोनवरच्या पोराला ते कोणी समजावून सांगितलं नाही तर त्याला ती मित्राला दिलेली शिक्षाच वाटणार.

अजून एक गोष्ट लक्षात येते. ॲपचं दार वर्गाच्या इमारतीला होतं. पण वर्गात तर सगळे मास्क लावून, अंतरावर, गप्प बसलेले असतात, तिथला धोका तसाही कमी. धोका जिथे होता त्या जागा म्हणजे कॅम्पसबाहेरची भाड्याची घरं, फ्रॅटर्निटीची, म्हणजे मुलांच्या विद्यार्थी-संघटनांची, घरं जिथे तीस-चाळीस जण एकत्र राहतात, जेवतात, एकाच हॉलमध्ये जोरजोरात बोलतात, आणि तिथे कोणी स्क्रीन बघायला उभं नव्हतं. राहू पण शकलं नसतं, ती खाजगी घरं आहेत. म्हणजे पॉझिटिव्ह माणसाला यंत्रणा वर्गात जाण्यापासून अडवत होती आणि संध्याकाळी तो मोकळाच होता.

२ सप्टेंबरला विद्यापीठाने पदवीच्या विद्यार्थ्यांना कळवलं की पुढचे दोन आठवडे फक्त आवश्यक कामांसाठी बाहेर पडा, वर्ग, टेस्ट, किराणा, नोकरी, बाहेर मोकळ्या हवेत व्यायाम वगैरे. नियम मोडणाऱ्या अनेकांवर कारवाई झाली, काहींना निलंबित केलं. याची बातमी मोठी झाली आणि बरेच जण समजतात की धाक बसला आणि केसेस उतरल्या. धाकाचा उपयोग झाला असेलच, मी नाकारत नाही, पण नुसत्या धाकाने केलं असतं तर दोन आठवडे संपल्यावर पुन्हा तेच झालं असतं. ते झालं नाही.

कारण त्याच वेळी दोन बदल झाले, जे बातम्यांत फारसे आले नाहीत. पहिला बदल फोनचा. विद्यापीठाने स्वतःची एक टीम उभी केली, तिचं नावच शील्ड टीम ३० होतं, कारण लॅबमधून पॉझिटिव्ह निकाल निघाला की तीस मिनिटांत त्या माणसाशी संपर्क करायचा असं ठरलं होतं. काउंटीचा फोन येईल तेव्हा येईल, आधी आपल्या माणसाने बोलायचं, तू कुठे आहेस, कोणाबरोबर राहतोस, आता पुढे काय करायचंय. वरच्या उदाहरणातला गुरुवार रात्र ते शनिवार हा सगळा काळ इथे अर्ध्या तासावर आणायचा प्रयत्न होता. दुसरा बदल म्हणजे सगळ्यांना एकच माप लावणं बंद. ज्या घरांमध्ये, ज्या हॉस्टेलांमध्ये केसेस जास्त निघत होत्या तिथल्या विद्यार्थ्यांची टेस्ट आठवड्यातून तीनदा सुरू केली. दोनदामधलं सगळ्यात मोठं अंतर चार दिवसांचं पडतं, सोमवार-गुरुवार धरलं तर गुरुवार ते सोमवार, आणि त्यात नेमका शनिवार-रविवार येतो. तीनदा केलं की ते अंतर तीन दिवसांवर येतं. एक दिवसाचा फरक वाटतो छोटा, पण माणूस दुसऱ्यांना सगळ्यात जास्त लागण देतो तो काळच मुळात चार-पाच दिवसांचा आहे, त्यातला एक दिवस कमी करणं म्हणजे चौथा-पाचवा हिस्सा कमी करणं.

त्यांनी या सगळ्या कार्यक्रमाला टार्गेट, टेस्ट, टेल असं नाव दिलं. कुठे शोधायचं ते ठरवा, टेस्ट करा, सांगा. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे मधलं काम अफाट होतं आणि दोन टोकं कच्ची होती, सप्टेंबरात ती टोकं भरली, एवढाच या प्रकरणाचा गाभा आहे असं मला वाटतं.

सप्टेंबरच्या मध्यापासून केसेस उतरल्या आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत कॅम्पस चालू राहिला, सुट्टीनंतरचा भाग ठरल्याप्रमाणे ऑनलाइन झाला. त्या सत्रात १०,००,००० च्या वर टेस्ट झाल्या.

दुसऱ्या एखाद्या कॉलेजने यातून काय घ्यायचं हा प्रश्न येणारच, कारण प्रत्येकाकडे अशी लॅब नाही आणि पीसीआरचे शास्त्रज्ञ शेजारच्या इमारतीत बसलेले नसतात. माझं म्हणणं असं की लॅब नसेल तर घड्याळ तरी घ्या. नमुना दिला ती वेळ लिहा, निकाल कळला ती वेळ लिहा, माणसाशी कोणीतरी बोललं ती वेळ लिहा, आणि तो खरंच वेगळ्या खोलीत गेला ती वेळ लिहा, आणि दर आठवड्याला यातलं सगळ्यात मोठं अंतर कुठलं ते बघा. बहुतेक वेळा ते लॅबमध्ये निघणार नाही, ते फोन करणाऱ्या माणसांच्या संख्येत निघेल, किंवा रिकाम्या खोल्यांमध्ये. दहा दिवस खोलीत बस म्हणताना त्याच्या दाराशी जेवण कोण आणणार, औषध लागलं तर, कपडे, चार्जर, परीक्षा असेल तर काय, हजेरी कापली जाणार का, हे फोनवरच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे. ज्या पोराला वाटतं की सांगितलं तर माझं सत्र बुडेल तो सांगणार नाही, आणि त्याची भीती खरीही असू शकते, म्हणून आधी सत्र बुडणार नाही याची सोय करा आणि ती लेखी द्या. फोन करायला सुद्धा शक्यतो असा माणूस ठेवा ज्याचं काम शिक्षा करणं नाही. शिस्तीचं खातं आणि मदतीचं खातं एकाच नंबरवरून बोलायला लागलं की पोरं दोन्ही उचलायचं बंद करतात.

आणि खिडक्या उघडा. २०२० मध्ये कितीतरी कॅम्पसवर टेबलं-खुर्च्या पुसण्यावर प्रचंड मेहनत घेतली गेली, आणि हवेतून होणारा प्रसार अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, आपल्या वेबसाइटवर मान्य करेपर्यंत ५ ऑक्टोबर उजाडला होता.

शेवटी एका आक्षेपाबद्दल लिहायला हवं, कारण मी हे प्रकरण कोणाला सांगितलं की तो येतोच. त्या सत्रात विद्यापीठाच्या लोकांमध्ये कोविडमुळे एकही जण हॉस्पिटलात दाखल झाला नाही आणि एकही मृत्यू झाला नाही. मग लोक म्हणतात, त्यात काय, पोरं तरुण होती, त्यांना तसंही काही झालं नसतं. हे पूर्ण खरं नाही, कारण त्या मोजणीत साठीतले प्राध्यापक आणि कर्मचारीसुद्धा होते, पण क्षणभर मान्य करू. ३५,००० तरुण एका लहान जुळ्या शहरात येऊन पडले की त्याचं ओझं पडतं ते दुकानातल्या म्हाताऱ्या कॅशियरवर, बस चालवणाऱ्यावर, वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्यावर आणि त्याच्यामार्फत तिथल्या माणसांवर. म्हणून खरा आकडा कॅम्पसबाहेरचा बघायचा. विद्यापीठाच्या टीमने नंतर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शॅम्पेन काउंटीतले मृत्यू अपेक्षेपेक्षा चौपटीहून कमी निघाले. त्या काउंटीतल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांनी विद्यापीठाची ती नळी कधी हातातही धरली नव्हती.